चेअरमनचं विसरण

मे महिन्यात सांगलीच्या कस्तुरी सोसायटीला पेशीपटल आलं. कंपाउंडच्या भिंतीपासून ते चारही बाजूंनी वर चढत गेलं, पाण्याच्या टाकीवर त्याच्या कडा एकमेकींना मिळाल्या आणि ते थांबलं. पातळ, किंचित तेलकट. बोट लावलं की थुलथुलायचं. सुरुवातीला लोकांनी फोटो काढले. मग कुणीतरी त्यावर टॉवेल वाळत घातला आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

चेअरमन मनोहर शेंडकर तेव्हा भाच्याच्या साखरपुड्यासाठी बेळगावला होते. पटल कुणालाही सरसकट आत सोडत नाही, निवडून सोडतं, हे फोनवर ऐकून त्यांचा ऊर भरून आला. कुरिअरवाले, वर्गणीवाले, भाड्याने खोली मागणारी पोरं, या सगळ्यांशी ते इतकी वर्षं एकटेच लढत आले होते. त्यांनी फोनवरच पटलाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला.

परत आले ते कुंद्याचा डबा हातात घेऊन. गेटातून आत पाऊल टाकलं. पटल आत दबलं, त्याने त्यांना अलगद उचललं आणि पुन्हा रस्त्यावर ठेवलं. शेंडकरांनी शर्ट नीट केला आणि पळत येऊन पाहिलं. पुन्हा रस्ता. तेवढ्यात घरकामाच्या पारूबाई आल्या, "साहेब, जरा सरका," म्हणाल्या आणि चालीत फरक न करता आत गेल्या.

आतून शेंडकरांच्या पत्नी निर्मलाताई म्हणाल्या, "अहो, निदान डबा तरी द्या."

डबा सहज आत गेला. साखरेला अडचण नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुरणे मॅडम नववीला विज्ञान शिकवायच्या. सेक्रेटरी बर्व्यांनी त्यांना खाली बोलावलं.

"सर, हे विसरण आहे," त्या पटलाच्या आतून म्हणाल्या. "जिथं दाटी जास्त, तिथून जिथं कमी तिथं जायचं. माझ्या पोरांना परीक्षेत येतं हे."

"मी चेअरमन आहे," शेंडकर म्हणाले.

"तीच तर अडचण आहे. आत सेक्रेटरी आहेत, खजिनदार आहेत, तीन माजी चेअरमन आहेत, सल्लागार मंडळ आहे. बाहेर तुम्ही एकटे. तुमचा कल बाहेर जाण्याकडेच असणार. बेळगावला जाताना काही त्रास झाला का?"

"अजिबात नाही."

"बघा."

"आणि पारूबाई कशा गेल्या?"

"आत भांडी घासणारं कुणीच नाही, सर."

तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी हसलं आणि खिडकी लावून घेतली.

"दुसरा काही मार्ग?"

"सक्रिय वहन. म्हणजे आतल्यांनी ऊर्जा खर्च करून तुम्हाला ओढून घ्यायचं."

बर्व्यांनी तिथेच विचारलं, ऊर्जा खर्च करायला कोण कोण तयार आहे? सभासद चपलांकडे बघू लागले. निर्मलाताईंचा हात अर्धा वर गेला. मग त्या हाताने त्यांनी पदर नीट केला. शेंडकरांनी ते पाहिलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

"तिसरा मार्ग," मॅडम म्हणाल्या, "पटल तुम्हाला वेढून गिळू शकतं. पण गिळलेल्या वस्तूपाशी मग लयकारिका येतात."

"त्या काय करतात?"

"पचवतात."

"हा पर्याय खुला ठेवावा," बर्वे म्हणाले. तसं इतिवृत्तात नोंदलं गेलं.

शेवटी उपाय शेंडकरांनाच सुचला. बाहेर दाटी वाढवायची. त्यांनी त्या रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्यांच्या चेअरमनना गेटासमोर सामोसे खायला बोलावलं. एकही जण गैरहजर राहिला नाही. जमल्याबरोबर सगळे एकदम बोलू लागले. कुणी गळक्या टाकीवर, कुणी भटक्या कुत्र्यांवर, कुणी पार्किंगवर. ऐकत कुणीच नव्हतं, त्यामुळे दाटी भराभर वाढली.

"आता होईल," मॅडम म्हणाल्या.

पटल थरथरलं. शेंडकरांनी पोट आत ओढलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारच्या अमृतवेल सोसायटीचे चेअरमन दत्ताजी घोलप आत उभे होते. हातात बशी तशीच होती, आणि पार्किंगवरचं त्यांचं वाक्यही तुटलं नव्हतं.

"मॅडम, अहो, हा मी नव्हे!"

"विसरणात नाव नसतं, सर. एक चेअरमन आत जायचा होता, एक गेला."

"मग माझं काय?"

"आता समतोल झाला."

घोलपांनी सभोवार नजर टाकली आणि एक स्कूटर तिरकी लागली आहे असं सांगितलं. मालकाने ती मुकाट्याने सरळ केली. बर्व्यांनी खुर्ची आणली. निर्मलाताई म्हणाल्या, "घोलपसाहेब, वर चला, चहा टाकते." जिन्यापाशी थांबून त्या मागे वळल्या. "तुम्ही वेळेवर जेवत जा हो," त्या शेंडकरांना म्हणाल्या. शेंडकरांनी मान हलवली.

संध्याकाळी अमृतवेलची दोन माणसं त्यांना न्यायला आली. त्यांच्याकडे पटल नव्हतं, फक्त खुर्ची रिकामी होती आणि सभा ठरलेली होती. शेंडकर गेले. पार्किंगवर बोलले, दोघांना गप्प बसवलं, एकाला नोटीस काढायला लावली. सभासदांना काही वेगळं वाटलं नाही.

सभेनंतर घोलपांच्या पत्नी विमलताईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला.

"दोन चमचे साखर घातलीय, नेहमीसारखी."

शेंडकर बिनसाखरेचा घेत. त्यांनी एक घोट घेतला आणि चांगला झालाय म्हणाले.