‘जैसे थे’ गटातलं घर

विज्ञानाला माझी गरज होती! उगाच फुशारकी मारत नाही. अख्ख्या शहरातून निवडलेल्या घरांत आमच्या गल्लीतली दोनच घरं होती. एक कांताबाई पौनीकरांचं आणि दुसरं माझं, म्हणजे बाबाराव निमजेचं. मी स्टेशनवरचा निवृत्त उद्घोषक. गाड्या उशिरा धावत आहेत हे ज्या आवाजाने वर्षानुवर्षं लोकांना गोड करून सांगितलं, तो आवाज आता विज्ञानाच्या सेवेत रुजू होणार होता!

झालं असं, की एका संशोधन संस्थेने एक मोठी टूम काढली. डासांचे शास्त्रज्ञ, हवेचे शास्त्रज्ञ, उन्हाचे शास्त्रज्ञ आणि माणसं घरात कशी वावरतात ते बघणारे शास्त्रज्ञ, असे सगळे आपापल्या नव्या पद्धती घेऊन एकत्र आले. प्रयोगशाळेत जमलेलं खऱ्या घरांत जमतं का, हे शहरातल्या सदर भागापासून लकडगंजपर्यंत तपासून बघायचं. त्यासाठी हिमानी नावाची चुणचुणीत पोरगी माझ्याकडे आली. मी तिला चहा दिला. मग दुसरा दिला. तिसरा आणायला उठलो तशी ती घाबरली.

"काका, आधी सही तर करा!"

मी चारही शास्त्रांसाठी सह्या ठोकल्या. चार शास्त्रं म्हणजे चार प्रकारची माणसं सारखी घरी येणार! बायको गेल्यापासून माझ्या दारावरची बेल फक्त सिलिंडरवाला वाजवतो, आणि तोसुद्धा सिलिंडर आपटून लगेच पळतो.

मग चिठ्ठ्या निघाल्या. कांताबाई ‘नवी पद्धत’ गटात गेल्या. त्यांच्या छतावर पांढरा रंग, खोलीत डासांचा नवा सापळा, स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा. रंगारी काय, वायरमन काय, तपासणारे काय, त्यांच्या दारात चपलांचा बाजार भरला! मी ‘जैसे थे’ गटात.

"म्हणजे माझ्याकडे काय करणार?" मी विचारलं.

"काहीच नाही, काका. तुलनेसाठी अशीही घरं लागतात ना! हे डबे भिंतीवर लावते. डास, धूर, गरमी, हालचाल सगळं तेच मोजतात. तुम्ही फक्त नेहमीसारखं राहायचं."

"मग तू आता कधी येशील?"

"यायची गरजच नाही!" ती आनंदाने म्हणाली. "आकडे आपोआप आमच्याकडे येतात."

डबे लावून ती गेली. मी नेहमीसारखा राहू लागलो. म्हणजे खुर्चीत बसलो.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "काका, बाहेरगावी गेले का?"

"नाही वं पोरी, घरीच आहो."

"पण मशीन तर सांगून राहिली का घर बंद आहे. हालचालच नाही! सर म्हणतात, रिकामं घर असेल तर डबे काढून आणा."

फोन ठेवला आणि भिंतीवरच्या त्या डब्याकडे बघत बसलो. माणूस घरात बसला आहे, श्वास घेतो आहे, वरणात मीठ जास्त पडलं म्हणून स्वतःलाच रागावतो आहे, आणि हा प्लास्टिकचा तुकडा म्हणतो घर रिकामं! म्हटलं, थांब बेट्या! तुला असं भरलेलं घर दाखवतो की तुझी बॅटरी उतरली पाहिजे!

दुसऱ्याच संध्याकाळी कामाला लागलो. आधी दार सताड उघडं टाकलं. भरल्या घराचं दार कुठे बंद असतं? मग लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढ्या रश्श्याला सावजी मसाल्याची फोडणी दिली. टोपी घालून या खोलीतून त्या खोलीत गेलो, टोपी काढून परत आलो, बायकोची शाल पांघरून पुन्हा गेलो. एकटा मी, पण घरात वरात फिरत होती!

पण मुकी वरात काय कामाची? मी आवाज काढायला सुरुवात केली. बायकी आवाज मला पहिल्यापासून छान जमतो.

"कोथिंबीर काहून नाही आणली जी?"

"तू सांगितलीच नाही!"

"दहा वेळा सांगितलं! तुमचं लक्ष कुठी राहते?"

रोज संध्याकाळी असं भांडण रंगू लागलं. एकदा बायकोच्या आवाजात म्हटलं, "आता जेवून घ्या, गार होऊन राहिलं." आणि मी तसाच उभा राहिलो. पुढचं वाक्य माझं होतं, पण ते काही सुचेना. मग मुकाट्याने जेवून घेतलं.

आठवडाभराने भांडण ऐन रंगात असताना दारात अर्धी गल्ली उभी! पुढे कांताबाई. हातात कुंकवाचा करंडा, नारळ, खण. मागे त्यांचे यजमान भैय्याजी.

"वा जी भाऊजी! या वयात लगन केलं अन् आम्हाले पेढाबी नाही?" कांताबाई कडाडल्या. "कुठी हाय नवरी? ओटी भरतो तिची!"

"कसली नवरी?"

"लपवू नको गा बाबाराव," भैय्याजी म्हणाले. "रोज आयकून राहिलो आम्ही. लगन झाल्याबिगर एवढं भांडण होतेच कसं?"

बायका आत घुसल्या. कोणी न्हाणीघर बघितलं, कोणी पलंगाखाली वाकून बघितलं. नवरी काही सापडेना. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. हिमानी धावत आत आली, तिच्यामागे आग विझवायचं लाल नळकांडं छातीशी धरून तिचे सर!

"आग कुठे आहे?" सर ओरडले.

"नवरी कुठी हाय?" कांताबाई ओरडल्या.

आता मला खरं बोलणं भाग होतं. "आग नाही, फोडणी आहे," मी म्हणालो. "आणि नवरी... ती मीच आहे." खात्री पटावी म्हणून बायकी आवाजात कोथिंबिरीचं एक वाक्य बोलूनही दाखवलं. सरांच्या हातातून नळकांडं सुटलं आणि माझ्या घरभर पांढरा फेस झाला!

फेस पुसता पुसता सर वैतागून म्हणाले, "अहो, गरमी भट्टीसारखी, धूर जंगल पेटल्यासारखा, आणि डास! दार उघडं टाकून गल्लीतले सगळे डास आत घेतलेत तुम्ही! चार शास्त्रांची वाट लावली! नेहमीसारखं राहा म्हणून सांगितलं होतं ना?"

"नेहमीसारखा राहिलो, तर तुम्ही मला घरातच धरत नव्हते, साहेब."

सर पुन्हा फेस पुसायला वाकले. हिमानी खाली बघू लागली.

"बरं, आवाज तरी नीट पोचले का?" मी तिला विचारलं. "फार मेहनत घेतली हो त्यावर."

"काका..." ती हळूच म्हणाली, "या डब्यांना आवाज ऐकूच येत नाही. यांत माईकच नाही."

कांताबाईंनी करंडा पदराखाली घेतला. "डब्याले नसन आयकू आलं," त्या म्हणाल्या, "आम्हाले आलं ना. ‘जेवून घ्या’ तं अगदी वहिनीवानीच म्हटलं जी तुम्ही."

मग रस्सा होताच, म्हणून सगळ्यांना जेवायला बसवलं. सरांनी नाकातून पाणी गाळत दोनदा वाटी पुढे केली, आणि जाताना डबे काढून नेले. माझं घर प्रयोगातून बाद! गल्ली पांगली, भांडी घासून झाली. दुसऱ्या दिवशी कांताबाईंच्या छताची गरमी मोजायला पुन्हा चार जण आले. माझ्या भिंतीवर स्क्रूची भोकं राहिली.

परवा एक अनोळखी फोन आला. कोणत्यातरी दुसऱ्याच संस्थेतून एक बाई बोलत होत्या. कान तपासायची नवी पद्धत निघाली आहे, हजारो लोकांवर करून बघायची आहे.

"पण काका, आम्ही घरी येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच केंद्रावर यावं लागेल. आधीच सांगते, गर्दी फार असते. नंबर लागेपर्यंत बाकावर चेपून बसावं लागतं."

"दोन्ही बाजूंनी माणसं असतात?"

"असतात ना! आणि बोलून बोलून नुसतं डोकं खातात एकमेकांचं."

"मग एक उपकार करा, बाई," मी म्हणालो. "माझा नंबर सगळ्यात शेवटी लावा!"