मग मी होतो कुठे?

थर्मन ओक्लीने शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र पळवलं, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात कुणी नाकारत नाही. त्यावर बसून तो भर चौकातून गेला, लाल दिव्यापाशी नियमाप्रमाणे थांबला आणि तिथेच सापडला. शिक्षा झाली दोन वर्षं. जामीन परवडला नाही म्हणून खटल्याआधीचे सात महिने त्याने जिल्ह्याच्या तुरुंगात काढले होते. ते शिक्षेतून वजा करायला न्यायाधीश विसरले. वजा झाले असते तर तो डार्लाच्या, म्हणजे लेकीच्या लग्नाला घरी पोचणार होता.

त्याच्या कोठडीतला कैदी हॅस्कल नूडल्सच्या दोन पाकिटांच्या बदल्यात अर्ज लिहून द्यायचा. पहिला अर्ज नामंजूर: हे निकालाच्या दिवशीच सांगायला हवं होतं. दुसरा नामंजूर: हे पहिल्याच अर्जात नीट मांडायला हवं होतं. तिसऱ्यावर सुनावणी लागली.

"तुरुंगाचा संगणक मध्यंतरी बदलला, साहेब," सरकारी वकील टॅलमॅजबाई म्हणाल्या. "नव्या संगणकात हा इसम नाही."

"अहो, होतो की मी," थर्मन म्हणाला. "हा ड्वेन पहारेकरी रोज मला मक्याची लापशी वाढायचा. विचारा त्याला."

"वाढायचो," ड्वेन म्हणाला. "आणि हा रोज नावं ठेवायचा. पातळ आहे म्हणे."

"लेखी तक्रार?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तोंडीच, साहेब."

न्यायालयाने निष्कर्ष नोंदवला: अर्जदार सदर काळात तुरुंगात नव्हता.

"मग मी होतो कुठे?"

हे त्याने विचारायला नको होतं. टॅलमॅजबाई विचारात पडल्या. अटक झालेली. जामीन नाही. तुरुंगात नाही. म्हणजे पळाला.

"तोंड उघडण्याआधी मला विचारायचंस ना, गाढवा," तो कोठडीत परतल्यावर हॅस्कल म्हणाला.

"पाकिटं संपली होती."

पलायनाचा खटला उभा राहीपर्यंत त्याला पुन्हा त्याच तुरुंगात ठेवलं. डार्लाने लग्न पुढे ढकललं.

"ह्या वेळी संगणकात घातलंत ना रे मला?" थर्मनने विचारलं.

"दुरुस्तीला गेलाय तो," ड्वेन लापशी वाढत म्हणाला.

"आणि ही पातळच आहे."

"लिहून दे."

ज्युरीत बारा सभ्य माणसं होती. बंद खोलीत त्यांतल्या एका बाईंनी दबकत विचारलं, "पळालेल्या माणसाला रोज लापशी वाढली कशी?" बाकीच्या अकरा जणांनी त्यांच्याकडे पाहिलं. शुक्रवारची दुपार होती. जेवण गार होत होतं. बाईंनी हात वर केला. दोषी, एकमताने.

शनिवारी लग्नात, बापाचा हात धरून जायचं तिथे, डार्ला चर्चमध्ये एकटीच चालत गेली.

त्या बाईंच्या जागी तुम्ही असतात तर शेवटपर्यंत अडून राहिला असतात, याबद्दल तुम्हाला शंका नाही. सकाळपर्यंत बाईंनाही नव्हती.