सासूबाई आणि पोलादी पट्ट्या

"शनिवारी आईला लॉन बोल्सच्या फायनलला तू नेणार. आणि तुझ्या लहान गाडीतून," रोवीनानं नवऱ्यापुढे जाहीर केलं. "मोठी गाडी मला ड्युटीवर लागणार आहे. आई जरा जरी कुरकुरली ना, तर तुझं ते खेळणं विकायला काढायचं."

क्लाइव्हच्या तोंडचं पाणी पळालं. खेळणं म्हणजे त्याची लाल, दोन आसनांची स्पोर्ट्स कार. उन्हाळ्यात उघडी फिरायची, आणि जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बाचं बोचरं वारं सुटलं की तिच्या डोक्यावर टणक छप्पर चढायचं. पण वय झालं तशी गाडीची हाडं खिळखिळी झाली होती. खड्डा आला की सगळा सांगाडा आळस देऊन अंग मोडल्यासारखा वाकायचा. मर्लबाई, म्हणजे क्लाइव्हच्या सासूबाई, मागच्या खेपेला रेल्वे फाटकावरून गेल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "जावईबापू, फाटकापर्यंत माझी कवळी माझ्या तोंडात होती. पुढचं मला विचारू नका."

आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणतात. क्लाइव्हच्या पत्रिकेत ती जागा सासूबाईंनी पटकावली होती. पण गाडीवर त्याचा जीव होता. लग्नाआधीपासून मनात असलेली एवढी एकच गोष्ट त्याला पन्नाशीत मिळाली होती, आणि ती हातची जाणार म्हटल्यावर त्याला रात्री झोप येईना. शेवटी त्यानं गाडीच्या पोटाखाली लावायच्या पोलादी पट्ट्या मागवल्या. त्या आवळल्या की सांगाडा ताठ होतो आणि खडखड थांबते, असं म्हणत. पार्सल आलं ते नेमकं शनिवारी सकाळी.

पार्सलच्या पाठोपाठ शेजारचा नेव्हिलही आला. नेव्हिल म्हणजे अस्सल उंटावरचा शहाणा. गल्लीत कुणाच्याही गॅरेजचं दार वर गेलं की हा खुर्ची घेऊन हजर.

"पुढची चाकं रॅम्पवर चढवायची आणि खाली शिरायचं," नेव्हिल म्हणाला. "सोप्पंय."

"माझा एकच रॅम्प धड आहे रे. दुसरा मोडलाय."

"माझा घे की!"

नेव्हिलचा रॅम्प चांगला चार बोटं उंच निघाला. गाडी एका खांद्यानं वर उचलल्यासारखी तिरपी उभी राहिली.

"वाकडी दिसतेय," क्लाइव्ह म्हणाला.

"दिसू दे. पट्ट्यांना काय कळतंय?"

तेवढ्यात लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवायच्या खेळाचा, पांढरा स्वच्छ गणवेश, पांढरे बूट, पांढरी हॅट अशा थाटात मर्लबाई आल्या. सामना दुपारी असला तरी त्या सकाळीच तयार होत. "बाहेर वारं आहे. मी गाडीतच बसते," म्हणत त्या नेव्हिलचा हात धरून आत चढल्या आणि दार लावून विणकाम काढून बसल्या.

"झकास!" नेव्हिलनं टाळी वाजवली. "आत वजन असताना आवळलेलं कधीही चांगलं."

"वजन कुणाला म्हणालास रे?" आतून आवाज आला.

दुपार होत आली तरी क्लाइव्ह पाठीवर झोपून पट्ट्या लावत होता. भोकं जरा इकडेतिकडे होत होती, पण लोखंडी पहार घालून ओढल्यावर बोल्ट बसत होते. शेवटचा बोल्ट नेव्हिलनं हौसेनं आवळला. इतका आवळला, की त्याचं डोकं झिजून गोल झालं आणि पाना त्यावर नुसता फिरायला लागला.

"आता हा जन्मात सुटणार नाही," नेव्हिल अभिमानानं म्हणाला.

मर्लबाईंनी हँडब्रेक सोडला, दोघांनी ढकलून गाडी खाली घेतली. चाकं जमिनीला लागताच गाडीच्या आतून 'कर्र' असा आवाज आला. मर्लबाईंना खेळायच्या गोळ्यांची पिशवी आणायला घरात जायचं होतं. त्यांनी दार ढकललं. दार हलेना. क्लाइव्हनं बाहेरून ओढलं, नेव्हिलनं क्लाइव्हला ओढलं, तरी हलेना. ड्रायव्हरच्या बाजूचंही तसंच. तिरप्या उभ्या गाडीला पट्ट्यांनी तशीच तिरपी जखडून टाकली होती, आणि दारं चौकटीत घट्ट चेपली गेली होती.

"पट्ट्या सैल करतो, आई. तासाभरात—"

"तासाभरात मला हिरवळीवर उभं राहायचंय," मर्लबाई म्हणाल्या. "नऊ वर्षांनी फायनल आलीय, क्लाइव्ह. पिशवी खिडकीतून दे, तूही खिडकीतूनच ये, आणि चल."

क्लाइव्ह पाय पुढे करून खिडकीतून शिरला. कमरेशी अडकला, तेव्हा नेव्हिलनं मागून रेटलं. एक बूट बाहेर राहिला, तो नेव्हिलनं मागाहून फेकला.

रस्ताभर मर्लबाई कपाळाला आठी घालून घड्याळ बघत होत्या. फाटक आलं तसे क्लाइव्हनं डोळे किलकिले केले. गाडी रुळांवरून गेली आणि काहीच झालं नाही. खडखड नाही, कुरकुर नाही, लोण्यातून सुरी फिरावी तशी गेली. क्लाइव्हला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण शेजारच्या कपाळावरची आठी तशीच होती. गाडी सुधारली ती नेमकी विकण्यापुरती, असं त्याला वाटून गेलं.

क्लबाच्या दारात सगळे जमले होते. मर्लबाईंच्या गाडीची दारं अडकलीत आणि खिडकीतून निघायला त्या तयार नाहीत, हे कळल्यावर पांढऱ्या कपड्यातली ती सगळी म्हातारी मंडळी गाडीभोवती गोळा झाली. एकानं स्वयंपाकघरातून लोणी आणून बिजागऱ्यांना चोपडलं. दुसऱ्यानं पहार आणली, तेव्हा क्लाइव्ह खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "रंग! अहो, रंग जाईल!"

प्रतिस्पर्धी संघाच्या कॅप्टन आयलीनबाई गोड हसत म्हणाल्या, "घाई नाही हं मर्ल. फक्त नाव पुकारल्यावर खेळाडू हिरवळीवर नसला, तर सामना आमचा. नियमच आहे, काय करणार?"

"ऐक क्लाइव्ह," मर्लबाई शांतपणे म्हणाल्या, "नाताळात तू ही गाडी उघडी घेऊन फिरत होतास ना?"

"हो."

"मग तेव्हा हे छप्पर कुठं होतं?"

 पहारवाल्यानं पहार पाठीमागे लपवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं सगळ्यांचं झालं होतं. क्लाइव्हनं मुकाट्यानं आतल्या कड्या सोडल्या. चौघांनी छप्पर उचलून बाजूला ठेवलं.

मर्लबाई सीटवर उभ्या राहिल्या. वाऱ्यानं हॅट उडू नये म्हणून एक हात डोक्यावर आणि दुसरा पहारवाल्याच्या खांद्यावर ठेवून, त्या मागच्या डिकीवरून पायरी पायरीनं उतरल्या. आधी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. क्लबाच्या आतून लोक बाहेर आले. आयलीनबाईंनाही दोन टाळ्या वाजवाव्या लागल्या, आणि तिथून पुढे त्यांचा एकही गोळा नेमक्या जागी गेला नाही. सामना मर्लबाईंनी जिंकला.

ड्युटी संपवून रोवीना क्लबात आली, ती लोण्यानं माखलेली गाडी बघूनच. "काय म्हणाली आई?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अजून काहीच नाही," क्लाइव्ह मान खाली घालून म्हणाला.

"मी सांगते," हातात विजयाचा कप घेऊन आलेल्या मर्लबाई म्हणाल्या. "गाडी उत्तम आहे. विकायची नाही. दर शनिवारी मी हिच्यातूनच येणार."

क्लाइव्हला सासूबाईंची पापी घ्यावीशी वाटली, आणि त्यानं ती घेतली. पुढचे दिवस त्यानं जिवापाड मेहनत केली. गोल झालेला बोल्ट कापून काढला, सारख्या उंचीचे रॅम्प आणले, नेव्हिलला घरी पाठवलं, आणि पट्ट्या सरळ, नीट बसवल्या. दारं आता एका बोटानं उघडत होती. सासूबाईंना दाखवून चकित करायचं त्यानं ठरवलं.

शनिवारी मर्लबाईंनी थंडीतही छप्पर काढून ठेवायला लावलं. क्लबाच्या दारात आज बरीच गर्दी होती, काही जण तर नातवंडं घेऊन आले होते. क्लाइव्ह ऐटीत उतरला, वळसा घालून आला आणि सासूबाईंच्या दाराच्या कडीला त्यानं हात घातला.

"खबरदार दार उघडशील तर," मर्लबाई ओठ न हलवता पुटपुटल्या, आणि हॅटवर हात ठेवून सीटवर उभ्या राहिल्या.