वाघाच्या गुहेकडे वळवलेली डबी

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता. पण तो या गोष्टीत येत नाही, तेव्हा घाबरू नका. या गोष्टीत साळिंदरांचे एक बीळ आहे. तिथे वेणू राहायची आणि तिचे आजोबा, अप्पा.

वेणूला नदीपलीकडच्या शाळेत जायचे होते. त्यासाठी तोंडी परीक्षा असे. बगळे सर पडद्यावर दहा कंद दाखवत, ते ओळखायचे. पहिल्या वेळी सातव्या कंदाला नेट गेले आणि सर चोच उघडी ठेवून थिजले. दुसऱ्या वेळी तिसऱ्यालाच. आता एकच संधी उरली होती, शुक्रवारी चार वाजता. ती हुकली की वर्ष गेले.

अप्पांनी वानरेकाकांना बोलावले. जंगलभर वाय-फाय तेच बसवत. त्यांनी भिंतीला कान लावला आणि मान हलवली.

“अप्पासाहेब, लहरी वाघाच्या गुहेकडे ओढल्या जातायत. मोठ्यांकडे सगळंच ओढलं जातं.”

“मग काय करायचं हो?”

“वाय-फायची डबी मानाच्या जागी ठेवू. तोंड गुहेकडे करून.”

बिळातली मानाची जागा म्हणजे मायक्रोवेव्ह. अप्पांना तो वनसेवेबद्दल मिळाला होता. वानरेकाकांनी वाय-फायची डबी त्याच्या डोक्यावर बसवली आणि बजावले, “हिला कुणी हात लावायचा नाही.”

अप्पा रोज चारच्या सुमारास आपल्या पडद्यावर बातम्या वाचत. वाचता वाचता चहा गार होई. मग ते तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवत. मायक्रोवेव्ह घुं करी आणि बातम्या अडकत. अप्पा बिळाबाहेर जाऊन वानरेकाकांच्या नावाने ओरडत. परत येत तेव्हा बातम्या सुरू झालेल्या असत.

“ओरडल्याशिवाय कुणी काम करत नाही,” असे म्हणत ते वाचायला बसत. चहा तसाच आत राहून जाई. आठवण होई तोवर तो पुन्हा गार. पुन्हा घुं.

वेणूने हे तीन दिवस पाहिले. मग धीर करून म्हणाली, “अप्पा, तुमचा चहा तापतो तेव्हाच नेट जातं.”

“वेडी कुठली! चहा कपात, नेट हवेत. त्यांची गाठ पडेलच कशी?”

“पण अप्पा, मी सात वेळा...”

“वानऱ्यांनी जन्म काढलाय फांद्यांवर. आणि तू? परवापर्यंत तुझे काटेसुद्धा मऊ होते!”

मोठ्यांपुढे तिला दुसरे वाक्य सुचत नसे. सुचे ते मोठे निघून गेल्यावर.

शुक्रवारी पावणेचारला तिने चूल पेटवली. आले घालून चहा उकळला आणि अप्पांसमोर धरला.

“आत्ताच प्या.”

“अगं, बातम्या तरी...”

“आधी प्या. मी उभी आहे.”

वेणूचे काटे जरासे उभे राहिले होते. तिला ते कळले नाही, अप्पांना कळले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि निमूटपणे फुर्र फुर्र करत संपवला. वेणूने कप विसळून पालथा घातला आणि धावत पडद्यासमोर जाऊन बसली.

सातव्या कंदाला अप्पा उठले. वेणूची नजर कपाकडे गेली. अप्पांनी कप उचलला, आत पाहिले, पुन्हा पालथा घातला.

“करांदा, सर,” वेणू म्हणाली.

सरांची चोच शेवटपर्यंत हलत राहिली. दहापैकी दहा! वेणूला प्रवेश मिळाला.

“पाहिलंस?” अप्पा आनंदाने ओरडले. “डबी गुहेकडे वळवली म्हणून!”

रविवारी अप्पांच्या बिळात वानरेकाकांचा सत्कार झाला. सगळे जंगल आपापल्या पडद्यावर पाहत होते. भाषणे लांबली, पाहुण्यांचा चहा गार झाला, तेव्हा अप्पांनी तो तापवायला ठेवला. शाल खांद्यापर्यंत पोचली आणि चित्र थिजले. वानरेकाकांनी तशीच उडी मारली आणि डबी दोन बोटे आणखी गुहेकडे वळवली. तेवढ्यात टिंग झाले. चित्र हलू लागले. जंगलभर टाळ्यांचा कडकडाट झाला.

वेणू शाळेची पिशवी भरत होती. तिनेही हळूच टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : मुलांनो, नीट पाहणाऱ्याला फार तर परीक्षा पास होता येते. शाल हवी असेल तर काही न पाहता डबी वळवत राहा. चहा कधीतरी तापून होतोच.