अप्पा अडसूळ भिंतीवर

उल्कानं त्या रविवारी नुसतं विचारलं होतं, "बाबा, तुमचे ते अप्पा अडसूळ ऑफिसात दाखवले तर चालेल ना?" आणि विनायकराव वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "हो" म्हणाले. पुढचं सगळं रामायण या एका 'हो'मुळे घडलं. (डोकं वर काढलं असतं तरी ते 'हो'च म्हणाले असते, असं त्यांच्या पत्नीचं, कुमुदताईंचं मत आहे. ते मत खोडून काढायला विनायकराव आजवर धजावलेले नाहीत.)

विनायकरावांची उभी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात झाली. तिथे समोर बसलेल्या माणसाला त्यांनी कधी नकार दिला नाही. चहा मागवायचा, "बिल्कुल, हो जाएगा" म्हणायचं आणि माणूस दाराबाहेर पडला की त्याची फाईल टेबलाच्या खालच्या खणात सरकवायची. फाईल तिथे निवांत पडून राहायची. माणूस कालांतराने कंटाळायचा, बदलून जायचा किंवा निवृत्त व्हायचा. कुणाचं मन म्हणून दुखावलं नाही.

पण न म्हटलेले इतके 'नाही' कुठे तरी जायला हवेत ना! ते अप्पा अडसुळांकडे गेले. ऐंशीच्या दशकात, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली गेली की विनायकराव शाईची बाटली घेऊन व्यंगचित्रं काढत बसायचे. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या एका मासिकाच्या शेवटच्या पानावर, चार चौकटींत अप्पा यायचे. डोक्यावर काळी टोपी, तोकडा कोट, हातात छत्री आणि मागे पदर खोचलेली बायको ठकू. समोर साहेब असो, मेहुणा असो की बसचा कंडक्टर, चौथ्या चौकटीत अप्पा छत्री उगारून एकच शब्द बोलायचे, "नाही!" तो शब्द काढताना विनायकरावांचा हात जरा जास्तच दाबला जायचा. पुढे मासिक बंद पडलं, अप्पा गठ्ठ्यात बांधून माळ्यावर गेले आणि विनायकराव निवृत्त होऊन नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

उल्का नोएडातच टीव्हीच्या मालिका काढणाऱ्या एका कंपनीत होती. तिचे बॉस चड्ढासाहेब तो गठ्ठा पाहून इतके खूश झाले की स्वतः घरी आले.

"अंकलजी, कमाल है! इनको सिटकॉम में लाएँगे। असली अ‍ॅक्टर, ड्रॉइंगरूम का सेट, पीछे से लोगों की हँसी। आजकल रेट्रो चल रहा है!"

विनायकरावांचे डोळे भरून आले. अप्पा पुन्हा चालणार, बोलणार, साऱ्या देशासमोर छत्री उगारणार! त्यांनी चहा मागवला. चहा आला, सोबत थालीपीठ आलं आणि चड्ढासाहेबांनी पहिला घोट घेऊन विचारलं, "बस, ये टोपी हटा दें?"

"बिल्कुल," विनायकराव म्हणाले आणि मनातल्या मनात टोपीची फाईल खालच्या खणात ठेवून मोकळे झाले.

घोटाळा इथेच झाला. चड्ढासाहेबांच्या ऑफिसात खालचा खणच नव्हता. तिथली माणसं कंटाळत नव्हती, बदलूनही जात नव्हती. 'हो' म्हटलेलं काम संध्याकाळपर्यंत होऊन जायचं!

"बाबा, टोपी गेली," उल्कानं घरी येऊन सांगितलं.

"अशी कशी गेली? मी तर हो म्हटलं होतं!" विनायकराव दचकून म्हणाले.

कुमुदताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, सरळ नाही म्हणून सांगा की!"

"सांगतो. पुढच्या वेळी सांगतो."

पुढच्या वेळी पुन्हा चहा होता, पुन्हा थालीपीठ होतं. छत्री गेली. कोटाच्या जागी ट्रॅकसूट आला. मग एक दिवस चड्ढासाहेब अवघडून म्हणाले, "अंकलजी, ये बंदा हर बात पे 'नहीं' बोलता है। थोडा निगेटिव्ह लगता है। हटा दें?"

विनायकरावांनी थालीपीठाचा तुकडा बशीत परत ठेवला. समोर पाहुणा बसलेला, त्याच्या हातात आपल्या घरचा कप. "बिल्कुल," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आता 'नाही' न म्हणणाऱ्या अप्पांनी करायचं काय, हे मालिकेच्या लेखकांना सुचेना. (ते विनायकरावांना विचारायला हवं होतं. त्यांचा या विषयातला अनुभव दांडगा होता.) उलट ठकूचं बरं चाललं होतं. कुमुदताई स्वयंपाकघरातून नवऱ्याला जे जे ऐकवत, ते चड्ढासाहेब भक्तिभावाने मोबाईलवर रेकॉर्ड करून नेत. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"अंकलजी, अप्पा को दीवार पर ले लें? फोटो, ऊपर चंदन का हार। ठकू आंटी रोज फोटो को डाँटेगी। कॉमेडी भी, इमोशन भी! और फोटो आपकी ही लगा देते हैं। ऐसा चेहरा कहाँ मिलेगा?"

हे ऐकून कुमुदताई ओल्या हातांनिशी बाहेर येईपर्यंत विनायकराव "बिल्कुल" म्हणून बसले होते.

चड्ढासाहेब गेल्यावर त्या कडाडल्या, "मी इथे जिवंत नवऱ्याला बीपीच्या गोळ्या भरवतेय आणि तुम्ही हाराला हो म्हणून बसलात? आत्ताच्या आत्ता जा आणि नाही म्हणून या!"

विनायकराव गेले. कॅबमध्ये रस्ताभर 'नाही, नाही' घोकत गेले. स्टुडिओत सेट लागला होता. सोफ्याच्या वर, गुलाबी भिंतीवर, पासपोर्टसाठी काढलेला त्यांचा फोटो मोठा करून लावला होता. हार चढला होता. त्याच्याकडे बघताना त्यांना स्वतःचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते अप्पांचं. बिचाऱ्यानं आयुष्यभर आपल्या वाट्याचं भांडण केलं, आणि त्याच्यासाठी आपण एकदाही तोंड उघडलं नाही! त्यांनी वळून, नसलेली छत्री उगारून, गळ्याच्या शिरा ताणून सांगितलं, "नाही! नहीं चलेगा! हार उतारिए!"

चड्ढासाहेबांनी त्यांना अदबीनं खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि गोड हसून म्हणाले, "बिल्कुल अंकलजी, हो जाएगा।"

विनायकरावांनी कप हातात घेतला. तो सूर त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यांनी चहा संपवला आणि ते घरी आले.

मालिका सुरू झाली. ठकू आंटी फोटोवर कडाडली, मागची माणसं हसली आणि घरात फोन वाजला. पलीकडे दत्तात्रय होता, मंत्रालयातला जुना सहकारी. निवृत्तीनंतर ऐकू कमी येऊ लागलेला, आणि आता तर हुंदकेच देत होता.

"टीव्हीवर हार घातलेला फोटो पाहिला हो! विनायक गेला आणि आम्हाला कळवलंही नाही? तुम्ही कोण, त्याचे धाकटे भाऊ का?"

विनायकरावांनी तोंड उघडलं. पण माणूस इतका रडत होता!

"हो," ते म्हणाले.

"देवमाणूस होता. कधी कुणाला नाही म्हटलं नाही. माझा पुण्याला बदलीचा अर्ज दिला होता त्याच्याकडे. 'हो जाएगा' म्हणाला होता. मी शेवटपर्यंत वाट पाहिली, दिल्लीतच निवृत्त झालो. त्याच्या हातात असतं तर नक्की केलं असतं हो त्यानं!"

कुमुदताई समोर उभ्या होत्या. "कोण आहे? काय म्हणतायत?"

विनायकरावांनी टीव्हीतल्या हाराकडे एकदा पाहिलं.

"वहिनींना फोन देता का?" दत्तात्रय विचारत होता. "सांत्वनाचे दोन शब्द बोलतो."

"बिल्कुल," विनायकराव म्हणाले आणि त्यांनी फोन कुमुदताईंच्या हातात दिला.