फिलेमूची बेकायदेशीर खोली

फिलेमूने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, शेवटी टेप घेऊन आपल्याच खोलीच्या भिंती मोजल्या, आणि मग मात्र तिला दरदरून घाम फुटला. ज्या खोलीत बसून ती कायदा शिकत होती, ती खोलीच बेकायदेशीर होती.

ऑकलंडच्या विद्यापीठात ती मालमत्ता आणि कायदा या दोन पदव्या एका दमात करत होती. मालमत्तेच्या सरांनी सांगितलं होतं, राहत्या घराची किंमत काढा. कायद्याच्या बाईंनी सांगितलं होतं, राहत्या घराचे कागद काढा. बाकीची मुलं दोन निबंध लिहून सुखाने झोपली. फिलेमूने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, आणि तिथेच घात झाला. जमिनीचा तुकडा एक, त्यावर घरं दोन. पुढचं मिसेस हॉजकिसचं, मागचं फिलेमूच्या घरच्यांचं. जमीन दोघांच्या सामाईक मालकीची. मालकीच्या कागदाला जोडलेल्या नकाशाबाहेर एक वीट जरी लावायची, तरी दुसऱ्याची लेखी संमती हवी. ती नसेल तर दुसरा माणूस बांधकाम पाडायला लावू शकतो.

"बाबा, ही खोली बांधताना मिसेस हॉजकिसची सही घेतली होती का?"

एटुआले नुकताच बस डेपोतून आला होता. "सही कशाला? रोज चहा घेऊन यायची की ती. छतावर चढवून द्यायची कप."

"चहा म्हणजे संमती नव्हे, बाबा."

"मग काय म्हणजे?"

फिलेमूने नकाशावर बोट ठेवलं. "ही रेघ बघा. अर्धी खोली सामाईक अंगणात गेलीय. म्हणजे त्यांच्याही जमिनीवर."

एटुआलेने आधी रेघेकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पोरीला प्रवेश मिळाला त्या वर्षी त्याने प्रत्येक सुट्टीच्या दिवशी राबून ही खोली उभी केली होती. दोन पदव्या म्हणून दोन टेबलं ठोकली होती, एक मालमत्तेचं, एक कायद्याचं. नगरपालिकेचा शिक्काही आणला होता. शेजारणीला विचारायचं मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण घरच्या माणसाला कोणी विचारतं का?

"तू काही काळजी करू नकोस," तो म्हणाला. "मी बघतो."

बाप "मी बघतो" म्हणाला की काय होतं हे फिलेमूला ठाऊक होतं. म्हणून त्याने बघायच्या आत तिने स्वतःच एक पत्र लिहिलं. वर ठळक विषय टाकला: "सामाईक जमिनीवरील अनधिकृत बांधकामाबाबत." खाली चार कलमं, दोन उपकलमं. कायद्याच्या बाईंनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. संध्याकाळी तिने ते शेजारच्या पत्रपेटीत टाकलं आणि मग घरात सांगितलं.

"पत्र?" आई लोसाच्या हातातला तारोचा कंद सोलायचा राहिला. "वीस वर्षं जिच्याशी कुंपणावरून बोललो, तिला पत्र? तापात तुला मांडीवर घेऊन बसली होती ती!"

"आई, लेखी लागतं."

"लागतं म्हणे! दोन-दोन डिग्र्या आणि अक्कल अर्धी!"

शनिवारी सकाळी लोसाने कपाट उघडलं तर आजीने बारीक विणलेली चटई जागेवर नव्हती. लग्नाला, मयताला काय ती बाहेर निघायची. खिडकीतून पाहिलं तर एटुआले मिसेस हॉजकिसच्या पायरीसमोर गुडघ्यांवर बसून ती चटई डोक्यावरून ओढून घेत होता.

"अहो!" लोसा धावत बाहेर आली. "आपल्या बेटावर ते खून पडल्यावर करतात! तुम्ही खोली बांधलीत!"

"जमीन घेणं काय लहान गुन्हा आहे?" चटईखालून आवाज आला. "तिने येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर मी इथेच."

"अहो, पण ती घरात आहे का?"

चटई जराशी हलली. "दार तर वाजवता येत नाही. पद्धत नाही तशी."

मिसेस हॉजकिस घरात नव्हत्याच. पाऊण तास झाला. समोरचे लोक फाटकाशी उभे राहून बघायला लागले. ऊन चढलं. फिलेमू रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, उठा ना. माझ्यासाठी नको हो असं."

"तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी?" चटई म्हणाली. ती चटईशेजारी जमिनीवर बसली.

तेवढ्यात मिसेस हॉजकिस आल्या, एका काखेत रिकामी खोकी घेऊन. डोळे सुजलेले. पायरीपाशी येऊन थबकल्या.

"हे जुनं जाजम माझ्या दारात कोणी टाकलं?" असं म्हणून त्यांनी वाकून टोक धरलं आणि चटई खस्सकन उचलली. खाली घामाघूम एटुआले.

"उचलली!" लोसा ओरडली आणि तिथेच रडायला लागली. एटुआलेही रडायला लागला. फाटकापाशी टाळ्या पडल्या. मिसेस हॉजकिसना कळेना, आपण नक्की काय केलं.

फिलेमूने धापा टाकत सगळं सांगितलं. खोली, नकाशा, रेघ, माफी.

"म्हणजे ते पत्र तुमच्या खोलीचं होतं?" मिसेस हॉजकिसच्या काखेतली खोकी खाली पडली. "अगं, मी विषय वाचला आणि पुढचं वाचायची हिंमतच झाली नाही. मला वाटलं, माझं टोमॅटोचं काचघर! माझ्या नवऱ्याने, नॉर्मनने उभारलं ते मीटरभर सामाईक अंगणात आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू ते दुहेरी शिक्षण घ्यायला लागलीस ना, तेव्हापासून माझी झोप उडालीय. उगाच का दर आठवड्याला तुला मुरंबा देते? आज रोपं हलवायला खोकी मागून आणली."

फिलेमूने तीन वर्षं तो मुरंबा मिटक्या मारत खाल्ला होता. आपल्यावर एवढी माणसं जीव टाकतात, आणि एकीला तर आपण घाबरवूनही ठेवलं होतं, या विचाराने तिला हसूही येईना, रडूही आवरेना. तिने वाकून म्हातारीचे दोन्ही हात धरले.

"मी दोन कागद करते," ती म्हणाली. "एक खोलीचा, एक काचघराचा. साध्या भाषेत."

"ते कर गं सावकाश. एटुआले, एक खुर्ची आण बाबा. माझे गुडघे टेकत नाहीत."

त्याने खुर्ची आणली. मिसेस हॉजकिस तिच्यावर नीट बसल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि आजीची चटई स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली.

"अहो, बघत काय बसलात? उचला!" लोसा म्हणाली. "म्हातारी गुदमरेल!"

एटुआलेने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी, अगदी हळू, चटई उचलली.