मिस व्हर्लीनचा हुंदका

कॉर्डेल ग्रिम्स स्वतःबद्दल बोलायला लागला की आधी बसून घ्यावं, हे मी अनुभवाने शिकले आहे. "टेनेसीत दोनच गोष्टींना तोड नाही," तो प्रत्येक अशिलाला सांगतो, "इथलं संगीत आणि माझं डोकं." संगीताबद्दल मी बोलत नाही. डोक्याबद्दल एवढंच सांगते, की मागच्या महिन्यात त्याने चोरीला गेलेल्या स्वतःच्या गाडीचा शहरभर पाठलाग केला आणि शेवटी चोर पकडला. चोर माझी बहीण होती, म्हणजे त्याची बायको. ती अंडी आणायला निघाली होती.

मी जुनेल, या खाजगी गुप्तहेराची मेहुणी आणि मदतनीस. पगार नाही. पण नॅशव्हिलमध्ये तो गिटारवाल्यांनाही नसतो, म्हणून मी गप्प बसते.

तर एका सकाळी डेलमर प्रुइट हातात सुटकेस घेऊन आमच्या दारात उभे. डेलमर म्हणजे मिस व्हर्लीनचे यजमान; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस' म्हणतात. आणि मिस व्हर्लीन म्हणजे 'लाल ट्रक वळलाच नाही'. हे गाणं ठाऊक नसलेला माणूस या शहरात फक्त पाळण्यात सापडेल. प्रियकर लाल ट्रक घेऊन निघून जातो, आणि शेवटच्या कडव्यात बाईंचा आवाज अडून एक हुंदका येतो. बस, तेवढ्यावर गाणं देशभर गाजलं.

त्या हुंदक्यावर पुढे कितीजणांनी पोट भरलं! रॉकवाल्या एका टोळक्याने त्याची किंकाळी केली. चर्चच्या गायकवृंदाने तो चार सुरांत बसवला, त्यामुळे रविवारी सगळे एकदम, पाद्रीबुवांच्या इशाऱ्यावर, शिस्तीत हुंदका देतात. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये लग्न ठरलेल्या पोरी प्लास्टिकचे मुकुट घालून भरदुपारी हुंदके देतात. आणि यंदा टेक्सासच्या ब्रिन्ली नावाच्या पोरीने तेच गाणं नव्याने गायलं. तिच्या गाण्यात तीन हुंदके आहेत. तिसऱ्याला ती गुडघ्यांवर बसते.

"तेही चाललं असतं," डेलमर म्हणाले, "पण ती कार्टी टीव्हीवर म्हणाली, हा हुंदका व्हर्लीनच्या खऱ्या प्रेमासाठी होता. लाल ट्रकवाल्यासाठी."

"मग?" मी विचारलं.

"माझ्याकडे तेव्हा बेकरीची व्हॅन होती. पांढरी."

कॉर्डेलने सूचक हुंकार दिला. त्याला काहीही कळलं नाही की तो असाच हुंकारतो.

"रेकॉर्डिंगच्या दिवशी मी दाराशीच होतो," डेलमर पुढे म्हणाले. "मी विचारलं, माझ्यासाठी रडलीस ना गं? ती हो म्हणाली. आणि हसली. इतकी वर्षं ते हसू मला गोड वाटत होतं. उद्या तिचा सत्कार आहे, ती आणि ब्रिन्ली मिळून गाणार. मला पहिल्या रांगेत बसवणार. सगळं शहर माझ्याकडे बघत असताना ती दुसऱ्याच्या नावाने हुंदका देणार असेल, तर मी आजच भावाकडे अलाबामाला जातो."

"तुम्ही मिस व्हर्लीनलाच का नाही विचारत?" मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली.

"जुनेल," कॉर्डेल म्हणाला, "तपास असा नसतो."

तपास कसा असतो ते मग मी दिवसभर पाहिलं. आधी लाल ट्रकवाल्यांचा शोध. टेनेसीत. दुपारपर्यंत निम्मं राज्य संशयित झालं होतं. त्यातले एक तर खुद्द पाद्रीबुवा निघाले. कॉर्डेलने त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुमचा लाल ट्रक कुठे गेला?" म्हातारे ढसाढसा रडायला लागले. आम्हाला वाटलं, सापडला! पण ते ट्रकसाठी रडत होते. विकल्याचं दुःख अजून ताजं होतं.

मग, हुंदका बाईंचा नाहीच, स्टील गिटारचा आहे, असा निष्कर्ष निघाला. संध्याकाळी सगळ्या आवृत्त्यांतले हुंदके एकत्र लावले तर गुप्त संदेश मिळेल, असं ठरलं. ते लावले, तर शेजारच्या बाई आमच्या घरी कोण वारलं म्हणून सांत्वनाला आल्या. येताना पुडिंगही घेऊन आल्या, ते मात्र छान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉर्डेलने सगळ्यांना मिस व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात जमवलं. संशयितांना एका खोलीत बसवल्याशिवाय त्याला रहस्य उलगडता येत नाही. डेलमर सुटकेस मांडीवर घेऊन बसले होते. जेवायची वेळ म्हणून मी कोपऱ्यावरच्या टपरीतून तिखट कोंबडी आणली होती, पांढऱ्या पावावर, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. कॉर्डेल मूळचा ओहायोचा. इथे आलेल्या प्रत्येक ओहायोवाल्याप्रमाणे त्यानेही हट्टाने सगळ्यात जहाल मागवली होती.

"मिस व्हर्लीन!" तंगडी उगारत तो गरजला. "लाल ट्रकवाला कोण?"

"कोण म्हणजे?" बाई म्हणाल्या. "गाणं लिहिणाऱ्याला विचार बाबा. निळा ट्रक त्या वर्षी दुसऱ्याच्या गाण्यात गेला होता, म्हणून त्याने लाल केला."

"आणि तुमचं ते हसू! हसणं हाच पुरावा आहे, कारण..." असं म्हणत त्याने तंगडीचा मोठा लचका तोडला.

त्याचा आवाज अडला. डोळे भरले. आणि त्याच्या घशातून एक हुंदका आला.

डेलमर ताडकन उठले. सुटकेस खाली पडली. "हाच! व्हर्लीन, हाच तो!"

मिस व्हर्लीनने कपाळाला हात लावला. "हाच रे बाबा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओत कोंबडी कोणी आणली होती?"

"मी," डेलमर हळूच म्हणाले. "आई म्हणायची, तिखटाने घसा मोकळा होतो."

"झाला की! शेवटच्या कडव्यात असा मोकळा झाला, की मी मेले असं वाटलं. मी म्हणत होते पुन्हा गाते, तर रेकॉर्डिंगवाले म्हणाले, खबरदार, याच्यावरच गाणं विकलं जाणार."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू दारात डोळे पुसत उभा होतास. विचारलंस, माझ्यासाठी रडलीस ना? तुझा चेहरा बघून कोण नाही म्हणणार होतं? मला हसू आवरेना." बाई पुढे म्हणाल्या, "दुसरं कोणी तसली कोंबडी आणली असती, तर त्याच्या तोंडावर फेकली असती. तू आणलीस म्हणून खाल्ली."

डेलमर खाली वाकले. सुटकेस उचलून आतल्या खोलीत ठेवून आले. मला उगाचच गहिवरून आलं, आणि मी तर कोंबडीला हातही लावला नव्हता.

"माझा अंदाज खरा ठरला," कॉर्डेल नळाखाली तोंड धरून म्हणाला.

"डेलमर," मिस व्हर्लीन म्हणाल्या, "सत्काराला येताना तसलीच घेऊन ये. इतकी वर्षं झाली, मला तो हुंदका पुन्हा जमलेला नाही."

डेलमर टोपी घालून निघाले. ते दाराशी पोचले तेव्हा बाईंनी मागून हाक मारली.

"आणि त्या ब्रिन्लीसाठीही आण रे. पोर बिचारी तीन-तीनदा खोटं रडते."